वाटी

कडोलीत शिरले तेव्हा दिवे लागले होते.
इंजिन बंद केलं तरी कानात घाट चालूच.
के ए बावीसच्या पाटीवर कुठकुठल्या राज्यांचा चिखल,
आणि पायरीवर अप्पा, भर उकाड्यात कानटोपी.
कशी आहेस विचारलं नाही.
विचारलं, "दिलीस?"

थांबा की अप्पा. आधी पाणी.

जिथे टाकीखाली जाळ करून
तुम्ही गोठलेलं डिझेल पातळ करायचात
तिथे आता मॅगी मिळते,
आणि कुठकुठली पोरं खिंडीच्या उंचीच्या पाटीला
नवरीसारखी खेटून फोटो काढतात.
फिलोमिनाला त्या पाटीखालीच उलटी झाली.
मी तिची पाठ चोळत तुमचंच म्हटलं :
हळू. इथं श्वास उधारीवर मिळत नाही.

एका चौकीवर वहीत लिहायचं होतं.
राज्य, कर्नाटक. नाव, नागव्वा भावकाण्णा पावले.
शिपाई परभणीचा निघाला, बोलण्यावरून ओळखलं त्यानं.
"आपल्यातली! मग कर्नाटक कसं?"
म्हटलं, दादा, ते सांगायला बसले
तर बर्फ पडून रस्ता बंद होईल.
हसला. दांडा वर केला.

मठ तोच. नदीच्या वाकणावर,
तुम्ही चुलीतल्या कोळशानं फरशीवर काढून दाखवलेला.
आपल्याकडे मठ म्हटला की विभूती, दासोह,
पंक्तीत वाढणाऱ्याचं कन्नड.
तिथे अंधार होता, आणि दिव्यांना वास,
तुपासारखा, पण तूप नव्हे.
भिंतीवरची अक्षरं मला लागली नाहीत.
न लागणाऱ्या पाट्यांखालून जायची सवय आहे आपल्याला.

तुमचे ते लामा वारले, अप्पा. कधीचेच.
होता तो एक बहिरा म्हातारा
आणि शेंबूड ओढणारं बारा वर्षांचं पोर.
त्याला सगळं सांगितलं हिंदीतून :
एक्सल तुटला ती रात्र,
तुमच्या लाकडी वाटीतला खारट चहा,
पहाटे काफिला हलला तसा उडालेला गोंधळ,
आणि पुढे रजेवर आल्यावर
कोटाच्या खिशात निघालेली वाटी.
चौतीस वर्षं आईनं तिच्यात मोहरी ठेवली
हे मात्र सांगितलं नाही. लाज वाटली.

पोरानं म्हाताऱ्याच्या कानात ओरडून ओरडून
त्याचं काय केलं कोण जाणे, बराच वेळ लागला.
म्हाताऱ्यानं फडकं सोडलं.
आपला बासमती हुंगला.
(आई, तुझा तांदूळ तिथवर वास धरून होता.)
मग वाटी घेऊन आत गेला.
मी आणि फिलोमिना उन्हात बसलो, बूट हातात.
म्हटलं, सुटले. आता खाली उतरायचं.

तो बाहेर आला तो वाटी घेऊनच.
शिगोशिग सातूचं पीठ.
मी हात मागे घेतले. नाही, तुमचीच आहे ही,
ठेवा, हीच द्यायला आलो एवढ्या लांब.
पोर नाक पुसत म्हणालं,
रिकामं भांडं परत पाठवत नाहीत आमच्यात.

काय बोलणार, अप्पा?
हे तर आईचं वाक्य.

एवढं ऐकून आई आत गेली.
डबा उघडल्याचा आवाज, मग फडक्याचा.
पिठात गूळ कालवून तिनं पहिला घास तुम्हाला दिला,
तुम्ही चघळत राहिलात, डोळे मिटून, उगीच हळू,
जसं काही वर चढताय.
"म्हणजे फिटलं नाही तर," म्हणालात.
नाही.
मला वाटलं वाईट वाटेल तुम्हाला.

फळीवर वाटी पालथी आहे.
मोहरी अजून कागदाच्या पुडीतच.
तुम्ही काठी घेऊन अंगणात उतरलात,
दम लागला, खांबाला धरून उभे राहिलात,
मग वाकून मागच्या चाकावरून अंगठा फिरवलात.
"नागू," म्हणालात,
"हा टायर अजून किती जाईल गं?"