पलीकडचा डोंगर

कासारी आणि कुंभी यांच्या मधल्या डोंगराला
बाजारभोगावची माणसं कळ्याचा डोंगर म्हणतात,
कळ्याची म्हणतात भोगावचा.
दोघांनाही तो पलीकडचाच.

पश्चिमेला चढत चढत
गगनबावड्याजवळ तो सह्याद्रीला खांदा देतो,
पूर्वेला उतरत उतरत उसात विरतो.
शेवटचा दगड कुठल्या बांधात गेला
ते बांधवाल्यालाही माहीत नाही.

माझा बाप, दौलू, मोजणीत खलाशी.
पाच उन्हाळे त्यानं या कण्यावर पट्टी धरून काढले.
धरायची ओळंब्यात.
वारा सुटला तरी, मुंगळा चढला तरी.
तिपाईमागून हेर्लेकरसाहेब हात हलवायचे:
डावीकडं. अजून. बास.

एकदा सुट्टीत मला डोळा लावू दिला.
जुनी दुर्बीण, सगळं उलटं दाखवणारी.
बाप डोकं खाली करून आभाळात लोंबत होता,
त्याच्या पायताणांवर जांभ्याचा सडा,
करवंदीची जाळी, म्हशीचं अर्धं शिंग.
सुलटे होते फक्त पट्टीवरचे आकडे,
कारण ते मुळातच उलटे रंगवलेले.
मी ओरडले, "आबा पडतील!"
साहेब म्हणाले, "आकडा वाच."

उंची वहीत गेली.
बापाला कुणी सांगितली नाही, त्यानं विचारली नाही.
त्याचं माप वेगळं:
दोन्हीकडच्या एसटीचा आवाज सारखा येतो
तिथं भाकरी सोडायची.
मग चूळ भरून कण्यावर टाकायची.
"निम्मी हिकडं, निम्मी तिकडं.
चिखलीच्या प्रयागाला भेटतील की.
बावड्याच्या कड्यावर टाकली असती
तर गेली कोकणात, कायमची."

माझं लग्न भोगावात झालं.
सासरच्या अंगणातून तोच डोंगर,
पण डावीकडचा उंचवटा उजवीकडं.
माहेरी जायचं तर कोल्हापूरला वळसा,
दोन गाड्या, अर्धा दिवस.

बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा
मी गाडीची वाट बघितली नाही.
वरूनच निघाले, करवीतून, हात ओरबाडत.
कण्यावर दम खायला थांबले.
कुठलाच आवाज नव्हता,
ना इकडचा, ना तिकडचा.
साखळीची एक गंजलेली कडी सापडली,
ती त्यांचीच असेल असं नाही.

आता खळ्यात भात गोळा करायला वाकले
की कुणी नाही बघून
पायांमधून डोंगराकडं बघते.
म्हैस दिसते कधीकधी.