व्हॅनिलाच्या डब्यात तूरडाळ

अडीच किलोचा काळा डबा रिकामा झाला
की मी तो घासते, उन्हात, म्हणजे खिडकीत, वाळवते
आणि त्यात तूरडाळ भरते.
अशा सात डब्यांची उतरंड झालीय आता
स्विंडनच्या या स्वयंपाकघरात.
भाजणी, पोहे, साबुदाणा,
सगळ्यांच्या पोटावर तोच दंड फुगवलेला माणूस.
डाळीला अजून व्हॅनिलाचा वास येतो.
फोडणीनंतरही जात नाही.

शार्दूल एकोणीस वर्षांचा.
दिवसाला एकशे नव्वद ग्रॅम, म्हणतो,
जसं आम्ही म्हणायचो, दोन पोळ्या आणि थोडा भात.
सकाळी सहा अंडी, बलक सिंकमध्ये.
दुपारी कोंबडीची छाती.
रात्री पुन्हा तीच, थंड, उभ्याने.
त्याच्या ताटाला डावी बाजूच नाही.
ना लिंबाची फोड, ना चटणीचं बोट,
ना मिठाची चिमूट.
मी काही बोलत नाही.
बोलते. तो कानात पांढरी बोंडं घालतो.

मी डायलिसिसवर असते,
म्हणजे नोकरीला. सोळा खुर्च्या, चार-चार तास,
नळीतून माणूस बाहेर जातो आणि परत येतो.
मूत्रपिंड हा शब्द मला
घराच्या नंबरासारखा पाठ आहे.
घरी आले की तो डब्यांच्या मागे दबा धरून असतो.

पण तिथेच, सात नंबरच्या खुर्चीत
मिस्टर प्रिचर्ड, रेल्वेच्या कारखान्यातले जुने फिटर.
त्यांच्या मी हातापाया पडते, एक अंडं खा,
हे यंत्र तुमचं प्रथिनही धुऊन नेतं,
दंड बघा, नुसती पिशवी झालीय.
ते म्हणतात, इतकी वर्षं तुम्हीच सांगत होतात,
कमी खा, कमी खा.
खरंय. आम्हीच.
यंत्र लागेपर्यंत कमी, लागल्यावर जास्त.
अंडं तेच.

मार्चमध्ये मी शार्दूलला रक्त तपासायला लावलं.
क्रिएटिनिन एकशे एकवीस.
तो आकडा उशाशी घेऊन मी झोपले,
म्हणजे झोपले नाही.
डॉक्टर पेनरोझ म्हणाल्या, अंगात स्नायू जास्त
तर आकडाही जास्त, त्यात आदल्या रात्री स्टेक.
आठवडाभर मांस बंद, मग दुसरी तपासणी.
ती आली, स्वच्छ.
मी विचारलं, पण पुढे? वीस वर्षांनी? तीस?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
मूत्रपिंडं मुळात धडधाकट असतील
तर काही वर्षांत तरी बिघाड दिसत नाही, म्हणाल्या,
पण तीस वर्षं असं खाल्लेल्यांचा हिशोब
अजून कुणी पुरता मांडलेला नाही.
पाणी पिऊ दे. भाज्या खाऊ दे.
एवढं तर माझ्या सासूबाईंनीही सांगितलं असतं,
आणि त्यांनी टोपण लावलं नसतं.

परतताना तो जादूचा चौक लागला,
एका चक्राभोवती पाच चक्रं फिरतात तो.
गाडी शार्दूल चालवत होता, मी श्वास धरून.
बघ, सेफ, तो म्हणाला.
मला कळेना, चौकाबद्दल
की रक्ताबद्दल.

दीर्घकाळ म्हणजे त्याला सप्टेंबरातली स्पर्धा.
मला तो दिसतो पन्नाशीचा, टक्कल पडलेला,
कुठल्याशा खुर्चीत बाही वर सारून.
किंवा शनिवारी पोराबरोबर टेकडी चढणारा, न दमता.
दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट.
रात्री दोनला पहिलं जरा जास्त.

काल उशिराची ड्यूटी करून आले तर
ओट्याशी उभा, पातेल्यातलं गार वरण वाटीत घेऊन.
आई, यात किती ग्रॅम?
वाटीला सात. फार तर आठ.
एवढंच? म्हणाला,
आणि आणखी एक वाटी ओतून घेतली.
वाटीला डावी बाजू नसते.
तरी मी लिंबाची फोड डावीकडे सरकवली
आणि वर बघितलं नाही.
सिंकमध्ये आठवा डबा भिजत पडला होता.