तिसरा रकाना

ओमाच्या क्रीडागृहात, बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं मांडून
दोन दिवस मतं मोजली.
इथं शिक्का मारत नाहीत, क्रम लावतात:
एक, दोन, तीन, जीव थकेपर्यंत.
जो बाद होतो त्याचा गठ्ठा सुटतो
आणि दुसऱ्यांच्या ढिगांवर वाटला जातो.
जो जिंकतो त्याचीही वरकड मतं पुढं सरकतात,
कुणाचंच काही वाया घालवायचं नाही, असा नियम.

माझी बहीण डिम्फ्ना अकराव्या फेरीपर्यंत उभी होती.
पहाटे बूट काढता काढता म्हणाली,
पाचवी जागा चौदा मतांनी गेली रे,
त्यातली नऊ कुणाकुणाच्या सहाव्या पसंतीची.

सहाव्या पसंतीचा माणूस म्हणजे कोण गं?

ज्याच्याकडे उसनी साखर मागत नाही आपण,
पण त्याच्या घराला आग लागली
तर बादली घेऊन धावतो,
तो.

मग ते नव्वद जण टेकडी चढून आले,
मैलभर सरळ रस्ता, दोन्हीकडे लिंबाची नव्हेत,
लाइमची झाडं, आमच्याकडची, मध गाळणारी.
मी दारवान. वहीपाशी उभा. माझी ही सहावी विधानसभा.
सही करायची, आणि सहीपुढं लिहायचं
आपण कोण ते:
युनियनिस्ट, नॅशनलिस्ट, इतर.

हेझलिटनं बापाचं पेन काढलं, झाकण दातात धरलं,
आणि वर न बघता लिहिलं.
सोर्का मॅकअलीनननं आयरिशमध्ये सही केली,
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.
ब्रोना टेगार्ट, चोवीस वर्षांची, बॅलीमनीची,
आदल्या महिन्यापर्यंत लोकांचे गुडघे वाकवून द्यायची.
पेन टेकवून तशीच थांबली.
बाप एका चर्चचा, आई दुसऱ्या,
लग्नाला दोन्हीकडचं कुणी आलं नव्हतं
आणि आज दोघं वर गॅलरीत, एकाच छत्रीखाली बसावं तशी.
तिनं लिहिलं: इतर.
किराणाच्या पावतीवर अगदी खाली असतं तसं.

आमचे मुख्यमंत्री दोन. एक म्हणायचा, एक उप म्हणायचा,
अधिकार तोलून सारखे.
जोडीतला एक उठला
की दुसऱ्याला बसता येत नाही.
माझ्या लग्नातसुद्धा इतकं कडक नव्हतं.

पण तिथवर पोचतंय कोण?
आधी सभापती हवा,
आणि सभापतीला दोन्ही बाजूंचं बहुमत हवं.
एका बाजूनं हात बांधले.
नावं पुकारली, मतं पडली, मोजली, नाही.
पुन्हा बोलावलं. नाही.
ब्रोनाचं मत एकूण बेरजेत धरलं,
बाजूंच्या बेरजेत धरलं नाही.
मला वाटतं, तिनं त्या दिवशी ते पहिल्यांदा नीट ऐकलं.

हिवाळा गेला. निळ्या खुर्च्यांवर मी ब्रश फिरवत राहिलो,
घड्याळाला किल्ली देत राहिलो,
कुणी विचारलं नसतं तरी.
दर मंगळवारी ब्रोना येई,
रिकाम्या सभागृहात आपल्या जागी बसून
लोकांची पत्रं वाची.
दार उघडं ठेवू का, विचारलं तर म्हणे, ठेवा,
थंडी येऊ दे, जागं राहते मी.

दुसऱ्या हिवाळ्यात कुठं, कुणाच्या तरी फोननं, काय ते जुळलं.
सभापती झाला. जोडी बसली.
मग पक्षांच्या ताकदीच्या हिशेबानं खाती उचलायची पाळी:
तू एक घे, मग मी, मग परत तू,
गल्लीत फुटबॉलच्या टीम पाडतात तशी.
पैशांचं गेलं, शेतीचं गेलं, रस्त्यांचं गेलं.
दवाखाने शेवटपर्यंत टेबलावर,
बाराव्यातल्या कोरड्या केकच्या तुकड्यासारखे.
कुणीतरी घेतलं, घ्यावंच लागतं.

ब्रोनाचा पहिला प्रश्न: खुब्याच्या शस्त्रक्रियेला
लोक किती वर्षं थांबलेत?
मंत्री उभे राहिले, कागद शोधला,
लेखी उत्तर देतो म्हणाले.

डिम्फ्ना अजून यादीत आहे.
पुढच्या मोजणीला जाणारच म्हणते,
फक्त या वेळी
खुर्ची मागून घेईन.