वीस नंबर

विक्रोळीला, आग्रा रोडवर, सातव्या मजल्यावर
रात्रपाळीत मी एक रस्ता सांभाळते
जो मी पाहिलेला नाही.
बॉस्टनहून निघतो, ऑरेगॉनात न्यूपोर्टला
समुद्रात पाय सोडून बसतो.
तीन हजार तीनशे पासष्ट मैल.
एकोणीसशे सव्वीस साली त्याला नंबर मिळाला, वीस.
तोवर तो तुकड्यातुकड्यांत जगत होता,
कुठे मेंढ्या हाकत, कुठे लाकडी फाटकावर टोल भरत.
आणि त्याही आधी ज्यांची ती पायवाट होती
त्यांची नावं
माझ्या स्क्रीनवर आता नद्यांना उरली आहेत.

इथे पहाटेचे साडेतीन, तिथे दुपारचे तीन.
वेंडेल नेब्रास्कात आहे, फ्रिजची दारं घेऊन.
मोठ्या हायवेवर डोळा लागतो म्हणतो,
म्हणून हट्टाने वीसच धरतो.
सूर्यफुलाच्या बिया चावत विचारतो,
"डिस्पॅच, पुढे बर्फ आहे का?"
मी हवामान बघते, वजनकाटे बघते,
व्हॅलेंटाईन नावाच्या गावात डिझेल किती पडेल ते बघते.
खिडकीखाली डंपर गुरगुरतात.

सकाळी घरी पप्पा पहिलं विचारतात,
"पोचला कुठवर?"
चौदा वर्षं त्यांनी काचेच्या बाटल्या नेल्या,
भांडुप ते इंदूर.
मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्र रात्र रांग,
बुधाजी क्लीनर टायरला टेकून घोरायचा,
मग कसारा, मग घोटी,
धुळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर
मिरचीचा ठेचा, ज्याने म्हणे डोळे उघडे राहायचे.
आता त्यांचे गुडघे गेलेत.
कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी माझा रस्ता काढलाय,
बॉलपेनने, माझ्या तोंडून ऐकून.
क्लीव्हलँडच्या जागी "किवलँड",
आणि मैलांखाली कंसात चहा किती वेळा.

एकदा मी त्यांना यलोस्टोनचं सांगितलं.
मध्ये एक जंगल आहे, पप्पा, सरकारी.
त्याच्या फाटकाशी वीस नंबर संपतो
आणि पलीकडच्या फाटकाशी पुन्हा सुरू होतो.
आत रस्ता आहे, डांबरी, नीट, पण त्याला नंबर नाही.
आणि मालाच्या गाड्यांना आत मनाईच.
वेंडेलला मी दरवेळी लांबून वळवते.

पप्पांनी पेन थांबवलं.
"म्हणजे ट्रकवाला कोणीच
हा रस्ता पुरता गेला नाही?"
नाही.
"बरोबर," म्हणाले. "मीही आग्रा नाही बघितलं."
एवढंच. मग नखाने शाईचा डाग खरवडत बसले.
जंगलाच्या जागी त्यांनी काही काढलं नाही,
दोन रेघांमध्ये
बोटभर कोरा कागद ठेवला.

आमचाही रस्ता असाच, म्हणायला गेलं तर.
पाटीवर दुसरं नाव आलं त्याला
माझ्या जन्माच्या कितीतरी आधी,
पाकिटांवर आम्ही ते लिहितो, पिनकोडसकट.
पण काल रात्री घाटकोपरहून रिक्षा केली,
पोरगं जेमतेम वीस-बावीसचं, जौनपूरकडचं,
मुंबईत येऊन चार महिने झालेले.
मीटर पाडत विचारतं,
"मॅडम, हायवेने की आग्रा रोडने?"

कोणी शिकवलं असेल त्याला?

म्हटलं, आग्रा रोडनेच.
कांजूरला मेट्रोच्या खांबांशी गाडी अडकली,
उशीर झाला, लॉगिनला चार मिनिटं लाल लागली.
हेडफोन चढवला तर वेंडेल आधीच लाईनवर,
आवाजात खरखर, बिया,
वळसा संपलेला.
"डिस्पॅच, परत वीसवर आलो."
मी वेळ टाकली. ठिकाण टाकलं.
आणि नियमात नाही, तरी विचारलं,
चहा घेतला का.
"कॉफी," तो म्हणाला.
सकाळी पप्पांनी तीही चहातच धरली.