प्रकरण चौथे : पॅनेल

"झाकणाला हात लावण्यापूर्वी
हाताची पालथी बाजू लावून पाहावी."

सकाळपासून एवढंच लिहून झालं.
बाहेर हिबिंगमध्ये उणे चोवीस,
खिडकीच्या काचेला आतून बर्फ,
आणि प्रकाशकांकडची लोर्ना फोनवर विचारते,
पालथीच का? कारण द्या, एका वाक्यात.

कारण असं, लोर्ना, की वीज लागली की मूठ मिटते.
तळवा लावलास तर तो घट्ट धरून ठेवतो
नेमकं तेच, जे सोडायला हवं.

हे वाक्य ती कापणार.
"स्नायू आकुंचन पावतात." पुरे.

मला हे तोइवो हकालाने शिकवलं,
लोखंडाच्या खाणीतला इलेक्ट्रिशियन,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
डावा हात खिशात, म्हणायचा,
चर्चमध्ये उभी आहेस असं समज.
चर्चमध्ये मी कधी खिशात हात घातला नव्हता.
त्याने बहुतेक घातला असावा.

पान एकसष्ट : एका स्क्रूखाली दोन तारा आढळल्यास नोंद करावी.
पान बासष्ट : झाकणाचे स्क्रू बोथट असावेत.
(हरवलेल्या स्क्रूच्या जागी कुणीतरी टोकदार पिळतं,
आणि ते टोक आत अंधारात
तारेच्या अंगाला टेकून वर्षानुवर्षं थांबतं.)
पान चौसष्ट : फ्यूजमागे नाणे आढळल्यास.

आढळलं होतं. एक सेंट, काळा पडलेला,
संपाच्या वर्षातला.
फ्यूज विकत घ्यायला पैसे नव्हते, सेंट होता,
आणि थंडी तर काही संपावर गेली नव्हती.
नोंद केली. "धोकादायक."
सेंट मालकाला परत दिला, त्याने खिशात टाकला.

पान सत्तर : ब्रेकरची लेबले अचूक व वाचनीय असावीत.
व्हुकेलिचबाईंच्या तळघरात
पेन्सिलीचं, नवऱ्याच्या हातचं : "७ – पाळणा."
सातवर आता डीप फ्रीजर आहे, त्यात हरणाचं मांस.
मी लिहिलं, लेबल चुकीचे.
त्या जिन्यातच उभ्या होत्या.
चुकीचं म्हणजे पुसायचं का?
नाही, म्हटलं, शेजारी नवं लावा.
असं कुठल्याच नियमावलीत नाही.
पुस्तकात मात्र घातलंय. लोर्नाने समासात
प्रश्नचिन्ह काढलंय, चांगलं मोठं.

आता उरलं सॉकेटचं पान.
तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं.

आमचा धंदा एका क्रियापदावर चालतो.
निरीक्षकाने "आहे" लिहू नये, "दिसते" लिहावे.
अर्थिंग दिसते. गळती दिसत नाही.
पंधराव्या रस्त्यावरच्या त्या घरात
माझ्या टेस्टरचे दोन्ही पिवळे दिवे लागले होते,
म्हणजे सगळं ठीक.
तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार नव्हतीच.
कुणीतरी न्यूट्रलचाच एक तुकडा वळवून
अर्थिंगच्या स्क्रूला बांधला होता.
दिव्यांना तेवढं पुरतं.
मग एका फेब्रुवारीत न्यूट्रल तुटला
आणि धुलाई यंत्राचा अख्खा पत्रा जिवंत झाला.
भाडेकरू मुलगी, मार्नी. ओले हात.
जगली. उजवी करंगळी अजून वळत नाही म्हणे.

"दिसते" लिहिलं होतंस, वकील म्हणाला,
त्या एका शब्दाने वाचलीस.

त्या रात्री तोइवोला फोन केला. खूप वेळ गप्प होता.
मग म्हणाला, दिव्यावर विसंबलीस होय,
आणि मासेमारीचं काहीतरी सांगत बसला.

तर लोर्ना, लिहून घे. पान एकोणऐंशी.
"जुन्या घरात तीन छिद्रांचे सॉकेट दिसल्यास,
टेस्टर ठीक म्हणत असला तरी,
वीज बंद करून
किमान एका सॉकेटचे कव्हर काढून आत पाहावे."

हे मानकात नाही, ती म्हणते.
नाही.
निरीक्षकांना जास्तीचं काम पडेल.
दहा मिनिटं.
मग "पाहावे" नको, "पाहता येईल" करू या का?

चहा गार झालाय. खिडकीबाहेर
कुणाची तरी गाडी सुरू होत नाहीये,
पुन्हा पुन्हा किल्ली फिरवतोय.

"पाहावे," म्हटलं. "पाहावेच" म्हणणार होते,
पण तेवढं हाताचं राखलं.