एकोणचाळिसावा शब्द

दिवसा मी वरूडच्या मंडीत रुमालाखाली बोलतो.
समोर संत्र्याचा ढीग, व्यापाऱ्याचा पंजा माझ्या पंजात,
एक बोट दाबलं की शंभर, मनगट धरलं की हजार,
तोंडानं मात्र दोघंही एकमेकांच्या पोरांची चौकशी करतो.

शनिवारी रात्री बेनोड्याच्या गुरांच्या दवाखान्यात
हे चालत नाही.
तिथं फिनाइलचा वास, लशीच्या पेटीवर गुणांची वही,
आणि बोलायला शब्द मोजून अडतीस.
पस्तीस बोल्या, पास, डबल, रिडबल.
तेरा पानांचं सगळं सुखदुःख
एवढ्यातच बसवायचं
आणि चौघांनाही ऐकू जाईल असं म्हणायचं.

तलाठी सोनटक्के म्हणाले, एक बदाम.
उईके सिस्टर, एक इस्पिक.
डॉक्टर, दोन बदाम.
माझ्याकडे इस्पिकची चार पानं, मोठं एकही नाही,
बदामाची एकटी दुर्री.
मी म्हटलं, तीन इस्पिक.
भिडूची पाच, आपली चार;
नऊ पानं असली की नऊ हातांपर्यंत जायला भ्यायचं नाही,
हे सिस्टरनीच शिकवलेलं.
सोनटक्क्यांनी चष्मा पुसला. चार बदाम.

मग सिस्टर थांबल्या.

बाहेर खोड्यात कुणाची तरी म्हैस शिंगं घासत होती.
"काहून थांबल्या, सिस्टर?"
"पास."
डॉक्टरही पास.

भिडूचं थांबणं हाही शब्दच,
एकोणचाळिसावा.
सगळ्या टेबलाला ऐकू येतो,
ऐकायची मनाई फक्त मला.

ते व्हल्नरेबल, आम्ही नाही.
चार इस्पिक बोलून, डबल खाऊन, दोन हातांनी पडलो तर तीनशे;
त्यांचे चार बदाम निघाले तर सहाशे वीस.
हरायचंच तर स्वस्तात हरावं,
एवढं मंडीतल्या पोरालाही कळतं.
पण हा हिशेब त्या थांबण्याच्या आधी केला होता की नंतर,
माझं मलाच सांगता येईना.
ज्या कागदावर तारीख नाही
तो सोनटक्के फेरफाराला घेत नाहीत.
मीही घेतला नाही.
पास.

निघाले. बरोबर दहा हात.
डॉक्टरांनी सहाशे वीस लिहून खाली दोन रेघा ओढल्या.
सिस्टरनी पत्ते पिसले, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
आणि वाटायला घेतले.

परत जाताना उपकेंद्राच्या फाटकाशी
मी टॉर्च कुलपावर धरला.
कुलूप उघडलं तरी सिस्टर आत जाईनात.
तेवढ्याच थांबल्या, जेवढ्या चार बदामांवर.
अकरा वर्षांची सवय.
मी मान वळवून बाभळीकडे बघितलं,
आणि म्हणालो, "येतो मी."

सोमवारी मंडीत शेख करीमनं रुमालाखाली चार बोटं दाबली,
पाचव्यावर येऊन थांबला.
माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "पास!"
ढिगाढिगांवरची माणसं वळून बघायला लागली.
करीमनं रुमाल उचलला,
माझा हात उलटापालटा करून बघितला,
म्हणाला, "हा कुठला भाव, बापा?"