सोडलेला जिताडा

वाशीच्या पुलाखाली पाणी वळतं
तिथं नांगर टाकते.
"साहेब, घाई नको.
बोयटं उडू देत आधी."

त्यांची काठी माझ्या इंजिनाच्या भावाची.
माशी मात्र मी बांधलेली:
आमच्याच कोंबड्याचं पीस,
लेकीच्या परकराचा लाल दोरा.

जिताडा लागतो.
हात भिजवूनच धरते, खवलं उडू नये.
गळ सोडवते. फोटो होतो.
मग शेपटीशी धरून पाण्यात मागंपुढं,
दम येईस्तोवर.
जातो.

बाबा असते तर
वल्हं घेऊन धावले असते अंगावर.

सारसोळ्याच्या जेटीवर सासू विचारते,
काय आणलंस?
मी नोटा दाखवते.
त्या न मोजता
ती माझे तळवे हुंगते, म्हणते,
"चार किलोचा तरी होता गं."